एमटेक की पीएचडी: सुहासला पत्र

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. शिकायला जायचं हे पक्कं, अडलंय ते एमटेक की पीएचडी यावर. ‘शिकायचंच तर डॉक्टर होऊनच ये की,’ हे मामांचं म्हणणं फार मनावर घेऊ नकोस. पीएचडी ही एमटेकची वरची इयत्ता नव्हे, ते कामच वेगळं.

तुझ्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचंच बघ. एसजी आयर्नच्या (गोळ्यांच्या रूपातलं ग्रॅफाइट असलेलं ओतीव लोखंड) हौसिंगला जाड भागात श्रिंकेज येतंय, म्हणजे गोठताना धातू आकसून आत पोकळी राहतेय. सिम्युलेशन लावून शेवटी गोठणारी जागा शोधायची, रायझर (जादा धातू पुरवणारा कप्पा) हलवायचा, चिल (लवकर थंड करणारा धातूचा तुकडा) बसवायचा, चार हीट (घाणे) ओतून नग कापून बघायचे, रिजेक्शन खाली आणायचं, हे एमटेकवाल्याचं काम. आता दुसरं. मॅग्नेशियम ट्रीटमेंट झालेलं लोखंड लॅडलमध्ये (ओतायच्या भांड्यात) रेंगाळलं की काही मिनिटांत असर उतरतो, ग्रॅफाइटचे गोळे बिघडतात. एवढं तुमच्या मेल्टिंगवाल्यालाही ठाऊक आहे. पण इनॉक्युलंटमधला (ग्रॅफाइट नीट तयार व्हावं म्हणून शेवटी घालतात त्या पुडीतला) कुठला घटक गोळे किती वेळ टिकवतो आणि का, यातलं आधी कुणी दाखवलेलं नाही ते दाखवायचं, पुराव्यानिशी, ही पीएचडी. यातलं कुठलं वाचताना हात शिवशिवले?

मग नोकरीकडून उलटं ये. पुणे, बंगळूर, हत्तरगी इथल्या तीसेक जाहिराती काढ, ज्या तुला खरोखर हव्याशा वाटतात अशाच. वहीत तीन रकाने कर: पीएचडी हवीच, चालेल, विचारलेलीच नाही. डिझाइन, प्रोसेस, क्वालिटी यांत बहुतेक तिसराच रकाना भरतो. नवे मिश्रधातू, नवं मटेरियल अशा संशोधन केंद्रांतच पहिला भरतो. तिसऱ्या रकान्यातल्या नोकरीला पीएचडी घेऊन गेलास तर तुझी पाच वर्षं अनुभवात धरतीलच असं नाही. वर ‘हा टिकणार का?’ ही शंका.

पैशाचा हिशेब मामांसमोर मांड. गेटवर (अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) एमटेकला विद्यावेतन महिना १२,४०० रुपये, म्हणजे दोन वर्षांत २,९७,६००. पीएचडीला २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढे ४२,०००. पाच वर्षांचे बरोबर २४ लाख, घरभाडं भत्ता वेगळा. म्हणजे एमटेक करून उरलेली तीन वर्षं नोकरी केलीस, तर महिना ५८,४०० मिळाले की बरोबरी. फी यात धरलेली नाही. पीएचडी सहा-सात वर्षांपर्यंत लांबली की गणित फिरतं, आणि फेलोशिप साधारण पाच वर्षांतच संपते.

लांबते ती बहुतेक गाईडमुळे किंवा मशीनमुळे. म्हणून विद्यापीठाच्या नावाआधी गाईड बघ. शोधगंगेवर (प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघड, नोंदणीपासून किती वर्षं लागली ते काढ, आणि ती मुलं आज कंपनीत आहेत की कॉलेजात शिकवताहेत ते शोध. सगळेच शिकवत असतील तर इंडस्ट्रीच्या वाटेला तो गाईड तुझ्या कामाचा नाही. सध्याच्या दोघा विद्यार्थ्यांना गाठून एकटं विचार, गाईडच्या केबिनमध्ये नव्हे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आवारात आहे की दुसऱ्या गावी नमुने पाठवून वाट बघायची, तेही विचार. युजीसीच्या २०२२च्या नियमांत प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार संशोधक घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्याला नवे घेता येत नाहीत. जागा आहे का ते आधीच कळतं.

नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी मच्छेच्या विश्वेश्वरय्या विद्यापीठाखालीही होते, पण त्याला साधारणपणे आधी मास्टर्स लागतं (५५ टक्के) आणि मालकाची एनओसी (ना-हरकत पत्र). इथे बरेच फसतात. धातूची रचना कंपनीचं गुपित, त्यामुळे आकडे छापायला नकार येतो आणि तीन वर्षांचं काम कपाटात राहतं. काय छापता येईल ते एनओसीतच लिहून घ्यायचं. साहेब बदलला की तोंडी शब्दाला कोण विचारतं?

मला विचारशील तर गेट देऊन संशोधनाचं मास्टर्स धर, बंगळूरच्या आयआयएस्सीत किंवा एखाद्या आयआयटीत. त्यात प्रबंधाला वजन असतं, आणि काही ठिकाणी चांगलं काम दिसलं तर तिथूनच पीएचडीत वळता येतं. नाही जमलं तर पदवी घेऊन बाहेर पडायचं, कुणी ‘सोडून आला’ म्हणत नाही. अर्ज करतानाच वळायचा नियम वाच: किती सीजीपीए, कुठल्या सत्रापर्यंत. गेटचा गुण तीन वर्षं चालतो, तेव्हा यंदा परीक्षा दिलीस तरी राजीनाम्याची घाई नको. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, परीक्षा फेब्रुवारीत.

सीमाभागातल्या ८६५ गावांच्या सवलतीचं काकांनी विचारलंय. ती महाराष्ट्राच्या राज्य प्रवेशातली, माहितीपुस्तिका त्याच वर्षाची बघायची. आयआयटीच्या गेटच्या जागांना गाव कुठल्या राज्यात याने काही फरक पडत नाही.

जाहिरातींची वही भरली की घेऊन ये. एनओसीचा मसुदा मात्र साहेबांना दाखवण्याआधी इकडे पाठव.

तुझा,
विनायक