शाळेमागच्या रानासाठी राबलेल्या हातांना

शाळेमागचा ओढ्याकाठचा तुकडा घाणेरी आणि रानमोडीने पार गिळला होता. सापाच्या भीतीने मुलांना तिकडे फिरकूही देत नव्हतो. आज तिथे पाचवीचा परिसर अभ्यासाचा तास होतो, तो तुमच्यामुळे.

घाणेरी नुसती छाटली की दुप्पट फुटते. म्हणून तुम्ही ती कुदळी-पहारीने मुळासकट खणलीत, तीही फळं पिकायच्या आत. नाहीतर बुलबुलांनी बिया पुन्हा पसरवल्या असत्या. हाताला काटे लागून रक्त आलं, तरी कुणी कुरकुरलं नाही.

एका आजींचे विशेष आभार. कोयता उगारलेल्या पोराला त्यांनी थांबवलं, "अरे, ते माकडलिंबू हाय, ऱ्हाऊ दे." २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेल्या नीलवंताच्या अळ्या त्याची पानं खाऊन वाढतात. त्या झुडपापाशी मुलं आता भिंग घेऊन पानं उलटून बघतात.

ट्रॅक्टर पाठवणारे, करंजाखाली बसायला दगड रचणारे, दुपारी भाकरी-पिठलं आणणाऱ्या ताई, तुम्ही नावं सांगितली नाहीत. सर्वांचे मनापासून आभार. पावसाळ्यानंतर नवे कोंब उपटायचे आहेत, तेव्हाही जरूर या.