उलट दिशेने येणाऱ्यांना आवरा

महोदय,

कात्रज-देहूरोड बाह्यवळण मार्गावर नवले पुलाजवळ अपघात झाला, की तीव्र उतार, इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडलेले ट्रक आणि निकामी झालेले ब्रेक यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. मात्र याच मार्गालगतच्या सेवा रस्त्यांवर, विशेषतः वारजे ते नऱ्हे या पट्ट्यात, राँग साइडने येणाऱ्या दुचाकी आणि रिक्षा आता कोणाच्या डोळ्यांत खुपतही नाहीत, याची रोज तेथून मोटार नेणाऱ्या माझ्यासारख्याला अधिक धास्ती वाटते.

गल्लीतून सेवा रस्त्यावर येऊन डावीकडे वळणारा चालक उजवीकडे पाहतो, कारण वाहने तिकडूनच येणार असतात. नेमकी तेव्हाच डावीकडून, कडेला उभ्या केलेल्या टेम्पोच्या आडून दुचाकी पुढ्यात येते. मोटार ताशी 50 किलोमीटरने आणि समोरून दुचाकी ताशी 40 ने येत असेल, तर दोघांमधले अंतर सेकंदाला 25 मीटरने घटते. म्हणजे 50 मीटरवर दुचाकी दिसली, तरी हातात दोनच सेकंद उरतात. रात्री समोरच्याचा अप्पर डोळ्यांवर असेल, तर तेवढेही नाहीत. रस्ता ओलांडणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची गत तर याहून वाईट. शिवाय उलट दिशेने येणाराच दिवे उघडझाप करून आपल्याला बाजूला व्हायला सांगतो, हा उद्दामपणा वेगळाच!

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये वाहतुकीच्या ठरलेल्या दिशेविरुद्ध वाहन चालवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुण्यात हेल्मेटवरून जेवढे वाद रंगतात, त्याच्या दशांशानेही या कलमाची चर्चा होत नाही. वास्तविक हेल्मेट न घालणारा मुख्यतः स्वतःचे डोके पणाला लावतो, हे लोक दुसऱ्याचे.

सगळेच बेदरकार असतात, असे मात्र म्हणता येणार नाही. भुयारी मार्गापर्यंत जाऊन वळसा घालायचा, तर कोंडीत अडकावे लागते. त्यामुळे ऑर्डरमागे पैसे मिळणारा डिलिव्हरीवाला मुलगा आणि शाळेची वेळ गाठणारे पालक जवळची वाट धरतात. अधूनमधून मोहीम काढून पावत्या फाडल्याने ही सवय मोडणार नाही. महामार्ग प्राधिकरण, महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी एकत्र पाहणी करून सेवा रस्ता ओलांडण्याच्या जागा वाढवाव्यात, गल्ल्यांच्या तोंडाशी होणारे पार्किंग हटवावे आणि तोवर सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी भुयारी मार्गांच्या दोन्ही टोकांना पोलिस नेमावेत.

– एक वाहनचालक, वडगाव बुद्रुक, पुणे