मोरोविंड पुन्हा का घेतला

विश्रामबाग, सांगली

प्रिय मंदार,

स.न.वि.वि. तुझा मेसेज वाचला. "वीस वर्षांपूर्वीचा गेम, तोही पैसे देऊन? लेका, वय काय आपलं!" एवढं लिहून वर हसणारे चेहरे पाठवलेस. फोनवर उत्तर दिलं असतं तर तू "बरं बरं, मीटिंग आहे" म्हणून कटवलं असतंस. म्हणून लिहायला बसलोय. चहा घे आणि सवडीनं वाच.

तर हो, एल्डर स्क्रोल्स मालिकेतला मोरोविंड विकत घेतला. गॉग या ऑनलाइन गेमच्या दुकानात सेल लागला होता तेव्हा. ट्रिब्युनल आणि ब्लडमून या त्याच्या पुरवण्या दोन्ही त्यातच आहेत. आणि घेतला म्हणजे खरोखर घेतला. इन्स्टॉलरची फाइल उतरवून एक प्रत कॉम्प्युटरवर ठेवली, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. मग मुद्दाम राउटर बंद करून इन्स्टॉल केला. तू कोण, कुठला, लॉगिन कुठाय, काही विचारणा नाही. थेट जहाजाचा तळ, आणि जिऊब नावाचा सोबतचा कैदी आपल्याला उठवून नाव विचारतोय.

तुझ्या काकांनी अमेरिकेहून आणलेलं ते खोकं आठवतं ना? दोन सीड्या, जाड मॅन्युअल आणि गेममधल्या व्हार्डनफेल बेटाचा कागदी नकाशा. तू पुण्याला गेलास तेव्हा ते माझ्याकडेच राहिलं आणि पुढं गावभागातल्या घरात खालच्या कपाटात जाऊन पडलं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा त्या कपाटाचं काय झालं असेल ते तुला सांगायला नको. पाणी उतरल्यावर आम्ही गाळ उपसत होतो, तेव्हा बाबांच्या जमिनीच्या कागदांखाली तो नकाशा सापडला. रेड माउंटनच्या जागी एक तपकिरी डाग, बाकी लगदा. सीड्या धुऊन निघाल्या, पण त्या घालायला आता घरात ड्राइव्हच नाही. आणि ड्राइव्ह असती तरी त्या काळच्या कितीतरी गेमांची सीडी विंडोज १० वर कामाची नाही. सेफडिस्क नावाचं जे कुलूप त्यांना असायचं, त्याचा ड्रायव्हर धोकादायक म्हणून मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये विंडोजमधून काढूनच टाकला. म्हणजे चोराला अडवायला लावलेलं कुलूप, आणि बाहेर कोण राहिलं, तर रोख मोजून घेतलेलं गिऱ्हाईक! चोरांनी तर ते पहिल्याच आठवड्यात फोडलेलं असायचं.

आता तू म्हणशील, ते जुनं झालं, आता सगळं ऑनलाइन असतं. तिथंच तर माझं दुखणं आहे. मध्यंतरी मी एका दुकानातून पैसे भरून एक गेम घेतला होता (नाव कशाला घेऊ). त्यांनी सर्व्हर बंद केला आणि गेम गेला. पैसे परत नाहीत, की साधी चिठ्ठी नाही. अटींमध्ये म्हणे लिहिलेलं होतं, तुम्ही गेम घेत नाही, वापरायचा परवाना घेता. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये कायदाच झाला, की असा परवाना विकत असाल तर ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, नुसतं 'विकत घ्या' असं बटण लावू नका. त्यानंतर स्टीम या मोठ्या ऑनलाइन दुकानानंसुद्धा पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली.

मोरोविंडचंच बघ. २०१९ मध्ये एल्डर स्क्रोल्स मालिकेला पंचवीस वर्षं झाली म्हणून गेम बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीनं तो फुकट वाटला, पण त्यांच्या स्वतःच्या लाँचरमधून (गेम उतरवून चालू करायचा त्यांचा प्रोग्राम). २०२२ मध्ये त्यांनी तो लाँचरच बंद केला. स्टीमवर हलवायची सोय दिली होती, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण हलवायचं आपण, लक्ष ठेवायचं आपण, आणि गेम मात्र त्यांच्या मर्जीवर. माझ्या हार्ड डिस्कवरची फाइल कुणाला काही विचारत नाही. पूर आला तर ती घेऊन वरच्या मजल्यावर जाईन, एवढंच.

गॉगवाल्यांची गोष्ट तुला आवडेल. पोलंडमध्ये शाळेतल्या दोन मित्रांनी १९९४ मध्ये सीडी प्रोजेक्ट नावाची कंपनी काढली. तिथला बाजार तेव्हा आपल्यासारखाच, जिकडंतिकडं कॉपी केलेल्या सीड्या. १९९९ मध्ये त्यांनी बाल्डर्स गेट पोलिश भाषेत आणला. कॉपीवाल्यांशी किमतीत टक्कर देता येत नाही म्हटल्यावर त्यांनी गेम पूर्ण पोलिशमध्ये केला, खोक्यात नकाशा, पुस्तक असा ऐवज घातला, आणि लोकांनी चढ्या भावानं तो घेतला. तीच माणसं पुढं २००८ मध्ये गॉग काढतात आणि म्हणतात, आम्ही कुलूप लावणारच नाही. मला हा धंद्यातला शहाणपणा वाटतो, दानधर्म नव्हे. (आणि कुलूप नाही म्हणून मी फाइल तुला पाठवणार नाही. तुझी प्रत तू घे. तुझा पगार मला माहितेय.)

पण नुसता चालू होतो म्हणून मी पुन्हा तासन्‌तास बसलो नसतो. बसलो, कारण हा गेम तुमच्यावर विश्वास टाकतो. हल्ली बाण दाखवतात, बाणामागं जायचं, आपण कुठं आलो याचा पत्ता नाही. मोरोविंडमध्ये माणूस रस्ता सांगतो आणि तो आपल्या वहीत उतरतो, बस्स. आर्कंग्थँडच्या पडक्या अवशेषांतून डबा आणायचं ते काम आठव. बाल्मोरा शहरातून दक्षिणेला बाहेर पड, पूल ओलांड, मूनमॉथचा किल्ला मागं टाक, मग ड्वेमर लोकांचा जुना पूल लागेल. पलीकडं गेल्यावर दार दिसणारच नाही, एक नळ आहे त्याचं चाक फिरवायचं, मग खडक उघडतो. आणि आत तो डबा कसला, एवढासा ठोकळा, फळीवर इतर भंगारात पडलेला. हरिपूरला संगमेश्वराकडं जायचा रस्ता आपल्याकडं कुणी विचारला तर आपण असंच सांगतो की नाही? "सरळ जावा, मोठं झाड लागंल, तिथनं कुणालाबी विचारा." मग माणूस चुकतो, भलत्याच शेतात जातो, आणि तीच वाट आयुष्यभर लक्षात राहते.

शिवाय कथेतल्या मुख्य माणसाला मारलंस तरी गेम अडवत नाही. नुसतं बजावतो की नियतीचा धागा तुटला, जुना सेव्ह उघड, नाहीतर ह्या विनाश ठरलेल्या जगात खुशाल राहा. आणि सेडा नीन या सुरुवातीच्या गावाबाहेर आकाशातून किंचाळत पडणारा तो जादूगार! त्याच्या प्रेतावरच्या गुंडाळ्या वाचून उडी मारली की अर्धं बेट पार. उतरायचं कसं याचा विचार ना त्यानं केला होता, ना गेम आपल्यासाठी करतो.

खोड्याही आहेत, लपवत नाही. तलवार डोळ्यांदेखत खेकड्याच्या पाठीतून आरपार जाते आणि आतला फासा म्हणतो, हुकली. वहीत पानं नुसती तारखेनं यायची, कामानुसार यादी ट्रिब्युनल आल्यावर मिळाली. आणि ते क्लिफ रेसर! उडणाऱ्या त्या पिडांना आवरणारे मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी स्वतः केलेले फेरबदल, लोकांनी केले नसते तर मी पुन्हा त्या डोंगराकडं फिरकलोच नसतो.

आता मुद्द्यावर येतो. मॉड.

२००२ मध्ये खोक्यात जी दुसरी सीडी होती, ती तू कधी उघडलीच नव्हतीस. त्यावर कन्स्ट्रक्शन सेट होता. ज्या हत्यारानं बेथेस्डाच्या लोकांनी ते बेट बांधलं, तेच त्यांनी गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. आज हा गेम जिवंत आहे तो त्या सीडीमुळं, असं माझं स्पष्ट मत आहे. गॉगनं शव जपून ठेवलं असतं फार तर, जीव मॉडवाल्यांनी ठेवला.

टॅम्रिएल रीबिल्ट हे नाव लिहून ठेव. मूळ गेममध्ये मोरोविंड प्रांतातलं फक्त व्हार्डनफेल बेट आहे, भोवतालची मुख्य भूमी नाही. ती भूमी काही हौशी लोक वीस वर्षांहून जास्त काळ बांधतायत. एकही पैसा न घेता, तुकड्या-तुकड्यानं. शहरं, शेतं, खेड्यातली भांडणं, दुकानदारांची कुचकट बोलणी. त्यात सुरुवातीला काम केलेली किती माणसं आता बाप झाली असतील, आणि नवी पोरं त्यांच्या जागी आली. मी तिकडं गेलो तेव्हा मूळ गेम कुठं संपला ते कळलं नाही, आणि काही ठिकाणी तर हौशी लोकांचं लिखाण मूळ लेखकांपेक्षा सरस वाटलं. कंपनीच्या पगारी लोकांना तारीख गाठायची असते, ह्यांना नसते.

दुसरं ओपनएमडब्ल्यू. हे तर गेम चालवणारं इंजिनच नव्यानं लिहिलंय. २००८ पासून चालू आहे, कोड सगळ्यांना खुला. तुझ्या प्रतीतली डेटाची फोल्डर त्याला दाखवायची, की तोच गेम लिनक्सवर, मॅकवर चालतो. अँड्रॉइड फोनवर चालवणारेही आहेत. उद्या विंडोजनं मूळ प्रोग्रामला नकार दिला तरी काही बिघडणार नाही. मॉड घालणंही सोपं. मूळ इंजिनात कुठली फाइल आधी लागणार हे फाइलच्या तारखेवर ठरतं, त्यामुळं क्रम बदलायला तारखाच बदलायच्या, असला तिरपागडा कारभार. ओपनएमडब्ल्यूमध्ये यादी असते, तिथं वर-खाली सरकवायचं.

आणि आता घरची बातमी. ताईची मनू सुट्टीला आली होती. तिला मी कन्स्ट्रक्शन सेट उघडून दिला. उघडतानाच ढीगभर वॉर्निंग येतात, त्या बंद करत गेलो. मग तिनं विचारलं, "मामा, इथं दुकान टाकता येतं?" बाल्मोरात ओडाई नदीच्या काठी आम्ही एक हळदवाला उभा केला. पोती मूळ गेमचीच घेतली. पोतं हवेत तरंगत राहिलं की एफ दाबायचं, धप्प करून जमिनीवर बसतं. हे तिला इतकं आवडलं की अर्धी दुपार ती नुसती पोती पाडत बसली. हळद हा जिन्नस नवा केला. गेममधल्या प्रत्येक जिन्नसाला चार गुण देता येतात, पहिला आम्ही प्रकृती भरून काढण्याचा दिला, आणि चौथा मनूच्या हट्टापायी पाण्याखाली श्वास घेण्याचा. बत्तीस बाय बत्तीस ठिपक्यांचं पिवळं चित्र तिनंच रंगवलं. आणि एक गंमत बघ, व्यापाऱ्याकडच्या मालाच्या आकड्याआधी उणे चिन्ह घातलं की त्याचा माल कधी संपत नाही, दुकान पुन्हा भरतं. मार्केट यार्डातल्या आमच्या शेजाऱ्यांना हे सांगितलं तर म्हणाले, आम्हाला पण शिकवा.

देवनागरी मात्र जमली नाही. मूळ गेमची अक्षरं जुन्या कोड पेजात बसवलेली, एका अक्षराला एक बाइट, त्यात आपली लिपी मावतच नाही. त्यामुळं हळदवाला मराठी बोलतो, पण रोमन अक्षरांत. बोलणं लिहिताना एवढं कळलं, की गेम वाक्यांची यादी वरून खाली तपासतो आणि जे पहिलं लागू पडतं ते म्हणतो. आम्ही सगळ्यात वर "आज उधारी बंद" ठेवलं आणि अट घालायची विसरली मनू, त्यामुळं काहीही विचारलं तरी तो तेच म्हणायचा. मला तो तसाच ठेवावा वाटत होता, पण तिनं सुधारला.

काम झाल्यावर ती बराच वेळ नदीकडं बघत होती. मग म्हणाली, "मामा, इथं पूर येतो का?" मी म्हटलं, नाही, ह्या गेमात पाणी चढत नाही. तरीपण तिनं पोती उचलून दोन पायऱ्या वर नेऊन ठेवली.

तर तू असं कर. घेतलास की आधी नुसता मूळ गेम खेळ. मॉडची शंभर जणांची वरात पहिल्याच दिवशी आणू नकोस, काय कशामुळं बिघडलं ते कळत नाही. पात्र करताना लांब तलवारीत कौशल्य घे आणि तीच वापर. पळत पळत जाऊन मारामारीला उभा राहू नकोस, दम संपला की वार हुकतात, आणि मग मला फोन करून गेमला शिव्या देशील. बाल्मोराचं काम झालं की टॅम्रिएल रीबिल्ट चढव. मनूची फाइल सोबत मेलवर पाठवलीय, काही केबींचीच आहे. ती डेटा फाइल्समध्ये टाक आणि यादीत टिक कर. हळद घेताना मात्र जपून, भाव तिनं स्वतः लावलाय आणि घासाघीस करायची सोय ठेवलेली नाही.

गणपतीला येतोयस का ते कळव, म्हणजे ताईला तसं सांगतो. काकांना नमस्कार. नकाशाचं त्यांना अजून सांगितलेलं नाही, तेवढं तूच सांग.

तुझा,
सुहास