सायकल तुझी होती

अंबाजोगाई,
रविवार, रात्र

प्रिय दत्ता,

आठ महिने पत्र नाही, माहीत आहे. शिव्या भेटल्यावर घाल. गुडघा दुखतो, बाकी ठीक.

काल सरांच्या शोकसभेत बोललो. बोलता बोलता तोंडून निघून गेलं, ‘त्या रात्री पावसात सायकल मारत मीच डॉक्टरांना आणलं.’ लेका, सायकल तुझी, भिजलास तू. मी ओसरीवर पुढ्यातलं ताट संपवत होतो, पिठलं गार होईल म्हणून. पण खरं सांगू? माइकवर बोलताना पाठीवर पाऊस लागत होता. समोर काकू बसल्या होत्या. ती भाकरी त्यांनीच वाढलेली. काही बोलल्या नाहीत, नुसता पदर सारखा केला.

सर तो झेनो सांगायचे, आठवतो? सासऱ्याच्या रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्या स्वेव्होची १९२३ची कादंबरी. झेनो साडूच्या मयतीला निघतो आणि भलत्याच अंत्ययात्रेमागं चालत राहतो. वर कारण तयार, साडूचाच शेअरबाजारातला तोटा भरून काढत होतो, म्हणून उशीर! वर्ग हसून लोळला. सर म्हणाले, ‘हसा, पण डॉक्टरची प्रस्तावना परत वाचा.’ त्यात झेनोवर मानसोपचार करणारा डॉक्टर सांगतोच की झेनोनं लिहिलेल्या ह्या आठवणींत खरं-खोटं दोन्ही भरलंय, आणि मी ह्या सूड म्हणून छापतोय. झेनोच्या पाठीमागचं वाचकाला दिसतं, त्याला दिसत नाही. काल तो वाचक काकू होत्या.

तू मात्र तुझा दोस्तोयव्हस्कीच्या १८६४च्या कादंबरीतला तळघरवाला घेऊन बसायचास. पहिल्या ओळीपासून स्वतःला आजारी, दुष्ट म्हणतो, म्हणून तोच खरा! मी म्हणायचो, स्वतःच शिव्या देऊन दुसऱ्याला शिव्या द्यायला जागाच ठेवत नाही, लबाड आहे. स्टँडवरच्या हॉटेलात दोन तास भांडलो. चहाचे पैसे मी दिले. का तू दिलेस? बघ, हेही आता सांगता येईना. आणि हे पत्र लिहून मीही त्या तळघरवाल्यासारखंच करायलोय, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकतो.

पोरीचं नीटचं काय झालं? बोअरला पाणी लागलं का? वहिनींना नमस्कार.

तेराव्याला ये. काकूंकडं एकट्यानं जायचं धाडस होईना. कुणी सायकलीची गोष्ट काढलीच, तर गप्प बस. नाहीतर नको, सांग. पण पिठल्याचं सांगू नकोस.

तुझाच,
बाळू