पागोळ्यांची रेघ

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

समोर आले असते तर मला धड बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

मुलगी सहावीत होती तेव्हा आधीच्या शाळेतल्या बाईंनी मला बोलावून तिच्यादेखत सांगितलं होतं, "हिला गणित झेपायचं नाही, उगाच मागे लागू नका." पुढे वर्षभर शिकवणी लावली. तिथे त्याच त्या उदाहरणांनी वह्या भरल्या. पैसे गेले ते गेले, पण पेपरच्या दिवशी पोरीच्या पोटात दुखायला लागायचं. मी शिलाईकाम करते, आठवीनंतर शाळा सुटली. वाटायचं, माझ्यावरच गेली असेल.

यंदा जुलैत ती माझा टेप मागायला आली. "सरांनी पाऊस मोजायला सांगितलाय."

तो हिशेब तिने इतक्यांदा ऐकवला की मलाही पाठ झालाय. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शाळेच्या पडवीचं छप्पर ६ मीटर लांब, उतारावर ५ मीटर, म्हणजे ३० चौरस मीटर. पाऊस ८० मिलिमीटर. तुमचं उत्तर २४०० लिटर, सगळ्या वर्गाचंही तेच. हिचं १९२०.

हिचा हात छपराला पोचत नाही, म्हणून हिने खालीच मोजलं होतं, भिंतीपासून पागोळ्यांनी मातीत पाडलेल्या रेघेपर्यंत. ४ मीटर. वर्ग हसला. (त्याची तिला सवय होती.) तुम्ही खडू हातात धरून बराच वेळ गप्प राहिलात म्हणे. मग स्वतःचे २४०० पुसलेत, तिथे १९२० लिहिलेत आणि शेजारी तिचं नाव. "पाऊस वरून पडतो, त्याला उताराशी काय देणंघेणं? छपराने जेवढी जमीन झाकली तेवढंच पाणी. चूक माझी."

मग भिंतीकडची ३ मीटरची चढण दाखवून तुम्ही त्यातूनच पायथागोरस काढलात, ५ चा कर्ण वगैरे. ते तिला विचारा, ती झोपेतही सांगेल. वाऱ्याने पाऊस तिरका आला तर, असं कुणीतरी विचारल्यावर "बघून सांगतो" म्हणालात, हेही तिने घरी दोनदा सांगितलं.

सर, मोठ्या माणसाने पोरासोरांसमोर "चूक माझी" म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. सासऱ्यांकडून नाही, नवऱ्याकडून नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या तोंडूनही नाही. रेशनच्या रांगेत, एसटीत, जिथे बघावं तिथे चूक समोरच्याचीच. तुमचं एक फडकं फिरलं आणि दोन वर्षांची पोटदुखी गेली.

आता घरी पागोळ्यांखाली २०० लिटरचं पिंप ठेवलंय. मे महिन्यात आमची वाडी टँकरची वाट बघत बसते आणि शाळेच्या पडवीवरून एका दिवसात अशी ९ पिंपं भरून वर पाणी उरलं असतं, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

टेप तुमच्या टेबलावरच राहिलाय म्हणते. राहू द्या, मी दुसरा घेतला.

आपली,
तुमच्या आठवीतल्या एका मुलीची आई