आराखडा ठरण्याआधी पालकांना आणि डॉक्टरांना विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शून्य ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वस्तीपातळीवर पाळणाघर, बालवाडी, वाढ-विकासाची तपासणी, वाचा-उपचार, पालकांसाठी मार्गदर्शन अशा ज्या सेवा उभारल्या जातात, त्यांचे आराखडे बहुतेक वेळा त्या सेवांची पायरी कधी न चढणाऱ्यांच्या हातून तयार होतात. जागा, वेळा, कर्मचारी आणि निधी हे सगळे ठरून गेल्यावर पालकांना उद्घाटनाचे आमंत्रण येते आणि डॉक्टरांना आरोग्य शिबिराचे. बावीस वर्षे लहान मुलांचा दवाखाना चालवताना या उफराट्या क्रमाचे परिणाम मी जवळून पाहिले आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

दोन वर्षांचा होऊनही एकही शब्द न बोलणाऱ्या एका मुलाला मी श्रवणचाचणीसाठी आणि वाचा-उपचारासाठी एका केंद्राकडे पाठवले होते. सात महिन्यांनी ताप आला म्हणून त्याची आई त्याला पुन्हा घेऊन आली, तेव्हा फायलीत माझी ती चिठ्ठी घडी झिजलेल्या अवस्थेत तशीच होती. केंद्र सकाळी दहा ते एक चालू असे आणि त्या आईंची कामाची पाळी नेमकी त्याच वेळेत होती. रजा काढून गेल्या, तर आधी नावनोंदणी करावी लागते असे कळले. नोंदणीला गेल्या, तर त्या महिन्याची नोंदणी संपलेली होती. "मॅडम, मी दोनदा जाऊन आले," एवढेच त्या म्हणाल्या. उपचार सुरू झाले असतील असे मी गृहीत धरले होते, आणि पालकांनाच फिकीर नाही असे केंद्रातल्या मंडळींनी. खरी गोष्ट फक्त त्या बाईंना ठाऊक होती आणि त्यांना ती विचारायचे कोणाच्याही कामाच्या यादीत नव्हते, माझ्यासुद्धा.

हे सात महिने किरकोळ नाहीत. बाळ एक महिन्याचे होईपर्यंत श्रवणाची प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचारांना सुरुवात, असा मापदंड नवजात बालकांसाठी अनेक देशांत पाळला जातो, कारण भाषेचा पाया याच काळात रचला जातो. ऐकू कमी येणाऱ्या मुलाच्या बाबतीत 'बोलेल हळूहळू' म्हणून काढलेला प्रत्येक महिना पुढे महागात पडतो. त्या मुलाच्या कानात सुदैवाने दोष निघाला नाही, पण वाचा-उपचार लांबायचे ते लांबलेच.

केंद्राची वेळ ठरवणाऱ्या बैठकीत पाळीवर काम करणारे दोन पालक असते, तर 'सकाळी दहा ते एक' ही वेळ टिकली नसती. घरात कोणती भाषा बोलली जाते, थोरल्या भावंडाला शाळेत कोण पोचवते, जिना चढताना कडेवर एक आणि हाताला एक मूल असले की काय होते, या गोष्टी कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा पालक नेमक्या सांगतात. डॉक्टर वेगळे सांगू शकतात. कोणत्या मुलासाठी थोडी वाट पाहणे चालते आणि कोणासाठी नाही (शिकलेले शब्द मूल विसरू लागले, तर एक आठवडाही थांबू नये), अपुऱ्या दिवसांची किती बाळे येत्या वर्षात याच सेवांच्या दाराशी येणार आहेत, हे दवाखान्यात आधी कळते आणि नियोजनाच्या कागदांवर उशिरा उमटते.

ही काही नवी कल्पना नाही. अमेरिकेत १९६५ मध्ये सुरू झालेल्या 'हेड स्टार्ट' या बालसेवा कार्यक्रमात धोरण ठरवणाऱ्या मंडळावर लाभार्थी मुलांच्या पालकांचे बहुमत असावे असा नियम आहे. तिथेच तीन वर्षांखालील विकासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी १९८६ मध्ये झालेल्या आणि पुढे सुधारलेल्या कायद्यानुसार प्रत्येक राज्याच्या समन्वय मंडळात किमान २० टक्के पालक आणि किमान २० टक्के सेवा देणारे असावे लागतात. शिवाय प्रत्येक मुलाची योजना कुटुंबासोबत बसून लिहावी लागते. नियमांमुळे तिथले सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणत नाही, पण पालकांची खुर्ची कोणाच्या मर्जीवर राहिलेली नाही.

आपल्याकडे खुर्ची दिली जाते, तीही कशी, त्याचा एक नमुना सांगते. अशाच एका सल्लागार बैठकीला मी गेले होते. कामाच्या दिवशी भर दुपारी ठेवलेल्या त्या बैठकीला पालक-प्रतिनिधी म्हणून एकच आई आली होती, मांडीवर दीड वर्षाची मुलगी. तिचा विषय कार्यक्रमपत्रिकेत नववा होता. पाचव्या विषयाला मुलगी रडू लागली, तेव्हा तिला अगदी सौजन्याने बाहेर बसायला सुचवण्यात आले आणि ती परतली नाही. इतिवृत्तात मात्र 'पालक-प्रतिनिधी उपस्थित' अशी नोंद झाली. लहान मुलांच्या सेवांवरील बैठकीत लहान मूल अडचणीचे ठरावे, यावर अधिक काय लिहावे?

म्हणून बैठक संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी ठेवावी, तिथे मुले सांभाळायची सोय असावी, येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी, आणि मसुदा साध्या भाषेत आठ दिवस आधी हाती पडावा. एकच पालक नको, पाच-सहा असावेत, त्यांत अपंगत्व असलेल्या मुलाचे पालक असावेत आणि केवळ आयाच नव्हे, मुलांचे वडीलही असावेत. नाहीतर दरवेळी सफाईदार बोलणारेच पुढे येतात. या पालकांना मताचा अधिकार असावा, तोही निधीची वाटणी होण्यापूर्वी.

माझ्या व्यवसायबंधूंबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. समितीत डॉक्टर बोलला की चर्चा संपते, हा अनुभव नवा नाही. आम्ही मुलाला दहा मिनिटे पाहतो आणि घरचे दिवसभर. तरी टेबलावर वजन आमच्या शब्दाला. शिवाय सगळे आमच्यावर सोपवले, तर खेळघराची ओपीडी व्हायला वेळ लागणार नाही. त्यामुळे डॉक्टरांनी आधी ऐकावे आणि पालकांनंतर बोलावे, असा साधा संकेत पाळता येईल.

या सगळ्याला वेळ लागेल हे मान्य, पण एक काम पुढच्या महिन्यात सुरू होऊ शकते. डॉक्टरांच्या चिठ्ठीला खाली फाडता येईल असा अर्धा भाग जोडावा आणि मूल आले का, काय सुरू केले, पुन्हा कधी बोलावले, एवढे त्यावर लिहून केंद्राने पालकांच्या संमतीने तो डॉक्टरांकडे परत धाडावा. ठरलेल्या मुदतीत तो आला नाही, तर दवाखान्यातून पालकांना फोन जावा आणि पहिला प्रश्न 'का गेला नाहीत?' असा नसून 'तिथे काय अडचण आली?' असा असावा. या उत्तरांची नोंद समितीच्या प्रत्येक बैठकीपुढे पहिला विषय म्हणून ठेवावी, नववा म्हणून नव्हे.

आपली विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ