पीएचडी आधी की वर्दी?

प्रिय पिल्लू,

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, लष्कराच्या सायबर विभागात जायचं तर पीएचडी आधी करू की वर्दी आधी घालू?" तेव्हा उत्तर देता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं.

रॉजर शेल हे नाव तुझ्या वाचनात आलंच असेल. अमेरिकी हवाई दलातला अधिकारी, एमआयटीचा पीएचडी. १९७४ साली त्यानं आणि त्याचा सहकारी पॉल कार्गरनं मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची तपासणी केली. त्या काळातली ही चांगली भक्कम सिस्टिम. दोघांनी आत शिरून दाखवलं आणि अहवालात सांगितलं, की चोरदरवाजा कंपायलरमध्येच, म्हणजे माणसानं लिहिलेला सोर्स कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, पेरला तर तो कोड कितीही वाचा, सापडणार नाही. १० वर्षांनी संगणकतज्ज्ञ केन थॉम्प्सननं संगणकशास्त्रातल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हीच गोष्ट मांडली आणि ती हवाई दलाच्या एका अहवालात वाचल्याचं सांगितलं. एवढं खोल बघायला अभ्यासाची बैठक लागते. म्हणून पीएचडी कर, मनापासून कर.

पण मला त्या अहवालातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. आपल्याच घरातली वाईट बातमी त्यांनी लिहून वर पाठवली, आणि ती दडपली गेली नाही.

माझ्या हातून याच्या उलट घडलंय. तुला कधी सांगितलं नव्हतं. एका रात्री ड्यूटीवरचा ऑपरेटर पेन ड्राइव्ह मुठीत धरून माझ्यासमोर उभा राहिला. "साहेब, चुकून आतल्या मशीनला लावला." मी सगळ्यांसमोर त्याला झाडलं. पुढचे आठ महिने एकानंही कसली चूक सांगायला तोंड उघडलं नाही. मला वाटलं, शिस्त आली! नंतर लॉग, म्हणजे मशीननं ठेवलेल्या नोंदी, चाळले तेव्हा कळलं, चुका तेवढ्याच होत होत्या. मला कळत नव्हत्या, इतकंच. २००८ साली अमेरिकी लष्कराच्या गोपनीय नेटवर्कमध्ये पेन ड्राइव्हमधूनच व्हायरस शिरला, ते वाचताना मला त्या पोराची घट्ट मिटलेली मूठच आठवत होती. त्याची माफी मी मागितली, पण फार उशिरा.

तुझ्या हाताखाली माणसं येतील तेव्हा तुझी डिग्री बघून ती आधी बिचकतील. त्यांना जवळ बसव.

मल्टिक्सच्या अहवालाची माझी प्रत पाठवतोय. कंपायलरच्या पानावर पेन्सिलच्या खुणा आहेत, त्या खोडू नकोस.

तुझा,
बाबा